सव्वीस पिचचा पंखा

४ सप्टेंबर
बोटीच्या इंजिनाला नवा पंखा आला. सव्वीस पिच, म्हणजे एका फेऱ्यात बोट सव्वीस इंच पुढे! जुना चोवीसचा होता. आकडा मोठा तर स्पीड मोठा, साधं गणित. धक्क्यावरचा मेकॅनिक डेल्बर्ट म्हणाला, तुला बावीस-तेवीस पुरे, दोन माणसं आणि सामान उचलायचंय. भला माणूस, पण स्वतः पस्तीस मैलांनी रांगतो. संकल्प: २१ तारखेच्या क्लबाच्या मासेमारी स्पर्धेआधी ताशी बहात्तर मैल.

७ सप्टेंबर, सकाळी ६
एकटाच गेलो. टाकीत पेट्रोल पाव. एकाहत्तर! बायकोला, लोरेटाला सांगितलं. ती म्हणाली, बाबांना बसवून बघ. बाप तिचा, बोलणारच. सासरेबुवा व्हर्लिन, वय अठ्ठ्याहत्तर, अकरा वर्षं माझे जोडीदार. डॉक्टरांनी या मोसमानंतर बोट बंद सांगितली आहे. क्लबात एकदा तरी पहिला नंबर यावा, एवढीच त्यांची इच्छा. मी पुरी करणार.

१० सप्टेंबर
सासरेबुवांना बसवलं. बोटीचं नाक आभाळात, बूड पाण्यात. उठेचना. बराच विचार करून दोष शोधला: सासरेबुवा. बाथरूममधला वजनकाटा धक्क्यावर नेऊन अख्ख्या क्लबासमोर त्यांना उभं केलं. दोनशे एकतीस पौंड. सगळे हसले. मीही हसलो, खेळीमेळी हवी. ते म्हणाले, जावईबापू, आता तुम्ही चढा. मी विषय बदलला. (दोनशे अठ्ठेचाळीस. पण मी चालवतो.)

११ सप्टेंबर
लोरेटाला बजावलं, बाबांची न्याहारीची बिस्किटं आणि त्यावरची ग्रेव्ही बंद. तिने माझंच ताट उचललं.

१५ सप्टेंबर
इंजिन दोन इंच वर चढवलं. फरक जाणवतो. फक्त इंजिन गार ठेवणारं पाणी नीट ओढलं जात नाही, म्हणून इशाऱ्याचा भोंगा वाजतो. डेल्बर्ट ओरडला, खाली घे, जाळशील! भोंग्याची वायर काढली. आता शांतता.

१८ सप्टेंबर
तोडगा मिळाला! बोट उठेपर्यंत सासरेबुवांनी पुढच्या टोकाला पालथं पडायचं. उठली की रांगत सीटवर. गुडघे सोलवटले. म्हणाले, पोरा, माझं जनावर केलंस. मी म्हटलं, नंबरासाठी सोसा थोडं.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहायचा मूड नाही. थोडक्यात: दीड वाजता सासरेबुवांनी साडेआठ पौंडांचा बास मासा काढला. जन्मातला सर्वांत मोठा. पाच मासे मिळून बावीस पौंड. म्हातारा रडला. म्हणाला, आता सावकाश जाऊ, तीनपर्यंत वेळ आहे. सावकाशच जायचं तर सव्वीस कशाला आणला? वजन कमी व्हावं म्हणून मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं निम्मं पाणी सोडलं. सासरेबुवा पालथे. पुलाखाली इंजिन तापून बंद.

क्लबातल्या हॉलिसने आपल्या डबड्या बोटीला दोर बांधून ओढत आणलं. तीन वाजून सतरा मिनिटं. उशिराला पंधरा मिनिटांची सूट, त्यापुढे बाद. पहिला नंबर एकोणीस पौंडांना गेला.

मोठा मासा पोट वर करून पडला होता. सासरेबुवा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्याला दोन्ही हातांत धरून पुढे-मागे हलवत राहिले, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. अर्धा तास. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, सोडा हो, पुढच्या वर्षी याहून मोठा काढू. त्यांनी मान वर केली नाही.

२५ सप्टेंबर
सासरेबुवा बोटीतल्या आपल्या गळाच्या काठ्या, डबे, उशी सगळं घेऊन गेले. लोरेटा त्यांना सामान उचलू लागायला आली होती. मला म्हणाली, त्यांना आता बोलावू नकोस. मी काय केलं? स्पीड कुणासाठी वाढवत होतो?

५ ऑक्टोबर, सकाळी
डेल्बर्टने इंजिन दुरुस्त करून दिलं. एकटाच गेलो. त्र्याहत्तर! संकल्पापेक्षा एक जास्त. धक्क्यावर परतलो तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. असो. प्रश्न वजनाचाच होता, हे सिद्ध झालं.