कुंपणालगतचा भाऊ

प्रिय बाबा,

काल मृतांचा दिवस झाला. तुमच्याविना पहिलाच. कब्रस्तानातून आल्यापासून मनातलं मनात मावत नाहीये, म्हणून हे पत्र. वाचून चिडाल. चिडा!

यंदाच्या उपवासकाळातली ती प्रवचनं आठवतात? नागपूरहून धर्मशास्त्र शिकवणारे फादर आले होते. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना देव दूर ठेवतो असं समजू नका, म्हणाले, त्यांच्यासाठी आशा धरायला हरकत नाही. तुम्ही जपमाळ खिशात टाकून तडक बाहेर! मागोमाग तुमचे दोस्त पास्कल काका. "हा फादर सगळ्यायलेच स्वर्गात धाडून राहिला! कायले ठेवावा याच्यावर भरोसा?"

तेव्हापासून रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर तोच वाद. उन्हाळ्यात तुम्ही गेलात, तरी थांबला नाही. कोणी म्हणे शिकलेला माणूस आहे, कोणी म्हणे शिकला म्हणूनच बिघडला. आई सगळं ऐकत उभी असायची. तिच्याच बाळाचा न्याय चालला होता ना तिथे!

माझा धाकटा भाऊ, मी लहान असताना जन्मलेला, एका दिवसाचा. आपले फादर नागपूरला गेलेले, बाळ निळं पडत चाललेलं. आई विनवत होती, "तुमीच टाका ना पाणी!" जिवावर बेतलं तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे धर्मवर्गात आम्हाला तुम्हीच शिकवलंत. मग स्वतःच्या लेकराच्या वेळी का थांबलात, बाबा? आपल्या तोंडून विधीतला शब्द चुकला तर, ही भीती! फादरांची गाडी गोंदियाला लागली तोवर सगळं संपलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून बाळाला कब्रस्तानाच्या कुंपणालगत पुरलं, क्रुसाविना.

एकदा मी विचारलं, त्या नागपूरच्या फादरांचं तुम्हाला पटत का नाही? तुम्ही म्हणालात, "मले पटावं असं लय वाटते, म्हणूनच भरोसा नाही." केवढा हा हट्ट! तेव्हा राग आला होता तुमचा. आता रडू येतं.

तर काल. धान कापणी टाकून सगळे आले होते. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत पुढे गेले. तुमच्याजवळ मेणबत्ती लावून आई सरळ कुंपणाकडे निघाली. पास्कल काका आडवे आले. "वहिनी, तिकडं काऊन?"

"लेकराले मेणबत्ती लावाले. तुमचं भांडण चालू द्या."

काका घुटमळले. मग तिच्यासोबत गेले आणि वाऱ्याला आडोसा म्हणून टोपी धरून उभे राहिले. "त्या फादरचं मी अजूनबी मानत नाही," म्हणाले. "पण देवाले मागाले काय जाते?" गुडघे टेकून त्यांनी विचारलं, "नाव काय घेऊ?"

"फ्रान्सिस," आई म्हणाली. "यायनंच ठेवलं होतं."

मी बघतच राहिले. नाव ठेवलं होतंत, बाबा? आणि उभ्या जन्मात एकदाही तोंडातून काढलं नाहीत!

सुताराला क्रूस सांगितलाय मी, नावासकट. नाताळाच्या आत उभा करीन, पायऱ्यांवर कोणी कितीही वाद घालो. तुम्ही फक्त एक करा. तिकडे तो भेटला असेल, तर त्याला नावाने हाक मारा.

तुमची,
अ‍ॅग्नेस