आईला वाचून दाखवलेली कादंबरी

८ जुलै
म्हातारी आई रुसलीय! पोलादपूरच्या वरच्या वाडीतून तिला महाडला आणलं, हाच माझा गुन्हा. तळीयेवर दरड कोसळल्यापासून पावसाळ्यात तिला वर एकटी ठेवायला जीव धजत नाही. तिला मात्र आवडीचा घोर. आवडी म्हणजे तिची म्हैस, वाडीतल्या मंजुळाकाकीकडे ठेवलीय. "परक्या हाताला दूध देत नाय ती!" — दिवसभर हेच.

११ जुलै
वाचनालयातून कादंबरी आणली. म्हाताऱ्या आईला शहरात आणून ठेवणारी मुलगी. दोघींचं पटत नाही आणि तुटतही नाही. काय लिहिलंय बाईनं! एक वाक्य रडवेलं नाही, आणि मी आपली नाक पुसतेय.

१२ जुलै
आईला मोठ्याने वाचून दाखवतेय. ती वालाचं बिरडं सोलत बसते, ऐकतच नसल्यासारखी. जरा थांबले की — "हां, मंग?"

१५ जुलै
आज दोघींच्या कडाक्याच्या भांडणाचा भाग. लेखिकेने कुणाचीच बाजू घेतलेली नाही. आईने लगेच घेतली — मुलीची! "म्हातारी खाष्ट हाय. माज्यासारखी."

मी थक्क. मी माझ्या मनाने लग्न केलं तेव्हा हीच म्हणाली होती, "या उंबऱ्याला परत पाय लावू नको." तेव्हापासून मी तिला आणायला-सोडायला जाते ती वाडीच्या पारापर्यंतच. ती घरात बोलावत नाही, मी जात नाही. हट्टीपणात कुणी कुणाला हार जाणार नाही.

१८ जुलै
वाचता वाचता आईने थांबवलं. "त्या पोरीनं आयशीला एकदा तरी इचारलं का गो, तुला कुठं ऱ्हायाचं हाय?"

मागची पानं उलटून पाहिली. नाहीच विचारलेलं! कादंबरीचा सगळा जीव तिथे होता, मला दिसला नाही, आणि हिने वाल सोलता सोलता धरला. धन्य आहे बाई!

मीही कुठे विचारलंय? विचारलं आणि "वर जायाचं" म्हणाली तर? ऐन पावसात?

१९ जुलै
नाही विचारलं. हिंमतच झाली नाही.

२१ जुलै
विचारलं.
"वरच जायाचं," म्हणाली.
मग बिरड्याचं ताट बाजूला सारून — "पाऊस सरूदे. आन् या येळेला पाराशी थांबू नको. घरात ये. उंबरा काय खात नाय तुला."