रात्री नाईक, सकाळी रामोशी

आबा,

एक शब्द तोंडातून काढायचा नाही आणि कुणाला आपल्यापुढं काढू द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी काय काय गेलं ते आधी सांगतो. आपली बोली गेली. ‘हाय’चं ‘आहे’ करताना सुरुवातीला जीभ दातांत अडकायची. आता ‘हाय’ म्हणायला गेलो तर नाटकात काम केल्यासारखं वाटतं. जेजुरी गेली. सोमवतीला आपला सगळा गोतावळा तिथं जमतो, गर्दीतून कुणी लांबून हाक मारली तर काय घ्या, म्हणून गेलोच नाही. धाकट्या बहिणीचं लग्न गेलं. तिला चांगलं इरकली लुगडं धाडलं, पण मांडवात उभा राहिलो नाही, आणि तिनं ते लुगडं कधी नेसल्याचं माझ्या कानावर आलं नाही. एवढं सगळं घालून मिळालं काय, तर गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं एक आडनाव, ज्याच्या पलीकडं सहसा कुणी विचारत नाही.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण घरातलंच. परवा तुमची सून आमच्या धाकट्या नातीवर खेकसली, काय वडारणीसारखी केकाटतीस म्हणून. थोरला नातू कॉलेजात जातो. त्यानं पुस्तकातनं मान वर केली आणि आजीला सांगितलं, की जातीवरून असं बोलत नाहीत, हे शब्द आता चालत नाहीत. ती म्हणाली, आम्ही काय शिव्या देतो का, बोलायची रीत आहे ती. पोरगं शांतपणे म्हणालं, “मग आपल्याला कुणी तसं म्हटलं तर चालेल?” आबा, तिनं ताट उचललं, मी चष्मा पुसला. आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे, सोयरिकी कुठं होतात ते पोरांना दिसतंच की. पण तो शब्द माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी उच्चारलेला नाही. पोराचं बोलणं मला पटलं. आणि लगेच तुमची आठवण झाली, कारण तुम्हाला ते पटलं नसतं.

तुम्हाला त्या शब्दाचं कधी काही वाटायचं नाही. मला मात्र लहानपणापासून कानाचा आजार. कोण कुणाला काय म्हणतं, कोणत्या वेळेला म्हणतं, ते माझ्या कानात राहायचं. अंधार पडला, कुणाच्या घरी पाहुण्यांच्या अंगावर दागिने आले, की वाण्याच्या माडीवरून हाक यायची, “नाईक, आवं नाईक, आज जरा आमच्या दारावरनं दोन चकरा जास्ती मारा.” आणि सकाळी कुणाची कोंबडी जरी दिसली नाही तरी त्याच माडीवरून, “त्या रामुशाला बोलवा.” मी तुम्हाला म्हणायचो, आबा, तुम्ही रात्री नाईक आणि सकाळी रामोशी. तुम्ही तंबाखू मळत हसायचा. म्हणायचा, दोन्ही आपलीच नावं हायती की रं, माणसाला दोन नावं असली तर बिघडलं कुठं.

मग मी सांगलीला आलो. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायचं नाही, पण सोनं गाळायला माणसं येतच होती. मालक विट्याकडचे, तुम्हाला ओळखणारे. तुमच्याच शब्दावर त्यांनी मला गलाईच्या दुकानात भात्यावर बसवलं. पहिल्याच दिवशी भट्टीमागं नेऊन त्यांनी सांगितलं, की गिऱ्हाईक आपलं सोनं डोळ्यांसमोर वितळताना बघतं, तेव्हा त्याचा जीव मुठीत असतो. त्या वेळेला तुझी जात त्याच्या कानावर पडली तर ते मुशीसकट उठून जाईल. भला माणूस, वाईट बोलला नाही. मी ते गाठीला बांधलं. भात्यावरून मुशीवर, मुशीवरून तेजाबावर, आणि शेवटी माझी स्वतःची भट्टी. सांगलीच्या या पेठेत माझा जन्म गेला, पण मी कोण ते एकालाही कळू दिलं नाही. माणसाच्या एका वाक्यावरून त्याचा तालुका सांगणारा मी. दुसऱ्याला काय ऐकू द्यायचं नाही हे माझ्याइतकं कुणाला जमणार? अशी फुशारकी मी मनातल्या मनात पुष्कळदा मारली आहे.

तुम्ही मालकांच्या दुकानात आलात तो दिवस मला अजून तसाच दिसतो. तुम्ही पायरीशी उभे आहात, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, फडक्यात आईनं दिलेल्या भाकरी. आत साताऱ्याचे एक म्हातारे सराफ बसले आहेत. जुन्या लुगड्यांची जरी जाळून तिच्यातलं सोनं काढून घ्यायला आलेले. लगड तयार झाली आहे आणि ती घेऊन साताऱ्यापर्यंत जायचं कसं या काळजीत ते आहेत, कारण वाटेत गाड्या अडवतात, लुटतात, असं रोज कानावर येतं. ते सहज विचारतात, कोण हो तुम्ही? तुम्ही माझ्याकडं बघत नाही. मला तेव्हाच कळलं, की मुलगा म्हणून ओळख द्यायची नाही, एवढं तुम्ही घरूनच ठरवून आला होता. पण तुमची स्वतःची ओळख तुम्ही का लपवाल?

“रामोशी हाय जी. इट्याच्या अंगाला गाव हाय आमचं.”

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. मालक माझ्याकडं बघेनात. आणि ते सराफ, आबा, ते चक्क सावरून बसले. म्हणाले, रामोशी? मग देवच पावला म्हणायचा. त्यांच्या वडिलांच्या वेळी रामोशाच्या सोबतीशिवाय पेढीचा माल गावाबाहेर जात नसे, म्हणे. नाईक, साताऱ्यापर्यंत याल का?

भट्टीमागं तुम्ही पाणी प्यायला आलात तेव्हा मी दबक्या आवाजात बोललो, की आबा, तेवढा शब्द इथं नको, राखणदार म्हणा. तुम्ही तांब्या खाली ठेवलात.

“राखणदार कुनीबी आसतो. पाटलाला पाटील म्हनलं तर त्येला राग येतो व्हय? मग मला का यावा?”

“पाटलाच्या आळीत चोरी झाली तर पाटलाला चावडीत उकिडवा बसवत्यात व्हय, आबा?”

“लय श्याना झालास,” एवढंच तुम्ही म्हणालात, पण रागानं नाही. मग बाहेर जाऊन, सगळ्या दुकानादेखत, तुम्ही कमरेची पुरचुंडी सोडलीत. चिमूटभर जेजुरीचा भंडारा आधी आपल्या कपाळाला, मग सोन्याच्या पिशवीला, मग त्या सराफांच्या कपाळाला. आता ह्यो माल न्हाई, माजा जीव हाय, असं म्हणून पिशवी कमरेला बांधलीत. ते बघून मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. वाटलं, यांचंच बरोबर असेल. बाजारात ज्याला लोक भितात तोच शब्द हा माणूस ताठ मानेनं गहाण ठेवतो आणि लोक त्यावर सोनं सोडतात.

पाचव्या दिवशी तुम्ही परत आलात ते चालत. दुकानात शिरला नाहीत. मला निरोप आला तेव्हा तुम्ही कृष्णेच्या घाटावर बसला होता, आणि तुमचा डावा कान सुजला होता. तुम्ही थोडं थोडं सांगितलंत, ते मी जोडून घेतलं. संस्थानची हद्द संपते त्या नाक्यावर कोळशाच्या गॅसवर चालणारी तुमची साताऱ्याची मोटार थांबवली होती. पोलीस फरारी लोकांना शोधत होते. एका जमादारानं तुमची कंबर चाचपली आणि विचारलं, कोण रं तू. तुम्ही दुकानात सांगितलंत त्याच आवाजात सांगितलंत. पहिली थप्पड तिथंच बसली. रामोशाच्या कमरेला सोन्याची लगड, त्याला आणखी काय विचारायचं? कुणाचं घर फोडलंस, एवढंच ते विचारत राहिले. सराफ पुढच्या बाकावर होते. ते घाईनं उठून आले, हात जोडून उभे राहिले. तुमचा जीव वाचवायलाच ते बोलले, हे मी आजही मानतो.

ते म्हणाले, “साहेब, हा रामोशी-बिमोशी कुणी नाही. आमच्या पेढीवरचा मराठा गडी आहे. जरा वेडसर आहे, तोंडाला येईल ते बोलतो.”

जमादारानं तुमची हनुवटी वर केली आणि विचारलं, खरं का हे. आणि तुम्ही मान हलवलीत.

साताऱ्यात त्यांनी तुम्हाला जेवू घातलं, नवं धोतर पुढं ठेवलं. वेळच तशी होती नाईक, असं म्हणाले. धोतर तुम्ही तिथंच ठेवून आलात.

मी विचारलं, मार फार लागला का. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल विचारतोय. मग पायरीवर वाकून तुम्ही कपाळ धुतलंत. बराच वेळ धुतलंत. पाण्यात काही पिवळं दिसलं नाही, पाच दिवसांत ते केव्हाच पुसलं गेलं असणार.

“कपाळाला द्येवाचा भंडारा व्हता रं,” तुम्ही म्हणालात, “आन् मी मान हलवली.” आणि नदीकडं बघत, “तुजंच खरं हाय.”

आबा, वाद मी जिंकावा असं मला किती वाटायचं. तो असा जिंकायचा नव्हता. चार शिव्या खाऊन तुम्ही परत आला असतात तर तुम्ही हसला असतात, तंबाखू मळली असतीत. शिव्या तुम्ही जन्मभर पचवल्या होत्या. त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला सोडवायला तुमचं नाव काढून घेतलं, आणि तुम्हाला ते देऊन टाकावं लागलं. त्यानंतर तुम्ही कुणाच्या मालाला हात लावला नाहीत. तासगावचा व्यापारी दोनदा येऊन गेला, तुम्ही त्याला पाणी देऊन परत पाठवलंत. गावची गस्त चुलत्याच्या पोराकडं दिलीत आणि वीटभट्टीवर जायला लागलात. आई सांगायची, रात्री हाक आली, नाईक म्हणून, तरी तुम्ही पडून राहायचा, जागे असून. तिथं भट्टीवर कुणी विचारलं तर तुम्ही मजूर म्हणून सांगायचा. स्वातंत्र्य आलं, पेढे वाटले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या अंगावर भंडारा उधळायला मी मूठ भरली, पण तुम्हाला चालेल की नाही ते मला ठरवता येईना. शेवटी चुलत्यानं उधळला.

तर नातू म्हणतो, हे शब्द आता चालत नाहीत. बरोबरच म्हणतो. वडारणीला वडारीण म्हणून हिणवायचं थांबलं पाहिजे, त्यात दोन मतं नाहीत. पण त्याला हे कसं सांगू, की एक माणूस असा होता ज्याला आपल्या जातीच्या एकाच शब्दात शिवीही मिळायची आणि इज्जतही, आणि तो शब्द काढून घेतला तेव्हा दोन्ही एकदमच गेल्या? मी त्याला सांगितलेलं नाही. हे पत्रही मी घरी नाही, दुकानात बसून लिहितोय, आणि घरी नेणार नाही.

लिहिण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं चाललं होतं. गेल्या आठवड्यात कवठ्याकडचा एक तरुण सोनार पहिल्यांदा माल घेऊन आला. पाटी नव्यानं रंगवायला काढली आहे, म्हणून मी विचारलं, दुकान सापडायला त्रास झाला का. तो म्हणाला, तुमचं नाव घेऊन विचारत होतो तोवर कुणाला सांगता येईना. मग स्टँडवर एकानं सांगितलं, रामोशाची भट्टी म्हणून विचारा, तिथं गुंजभर सोनं इकडचं तिकडं होत नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं लगेच बोट दाखवलं. पोरगं साधं होतं, मनात काही नव्हतं त्याच्या. मला राग यावा की काय व्हावं, ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला विचारलं असतं.

त्याच दुपारी मी पानवाल्याकडं गेलो आणि हसत हसत विषय काढला. तो जरा ओशाळला. म्हणाला, पेठेत सगळे तसंच म्हणतात, त्याचा बापही तसंच म्हणायचा.