गुण्याच्या दोन रेघा

४ नोव्हेंबर १९४६, कोल्हार

पुन्हा तेच! शकिलाच्या लग्नाच्या पेटीचं झाकण बसत नाही. एक कोपरा दाबला की दुसरा उठतो. तिचा बाप गनीभाई समोरच उभा. "शांतवनभाऊ, मोहरम लागायच्या आत निकाह हाय. पोरीला बिनपेटीची धाडू व्हय?"

गेल्या महिन्यात खिडकी तिरकी झाली, आता ही पेटी. असंच चाललं तर माझ्या दारी काम घेऊन येणार कोण? खोट हत्यारांतच असणार. दुसरं काही असूच शकत नाही.

५ नोव्हेंबर

पट्टी बरोबर. रंध्याचा तळ सपाट. मग काटकोन धरायचा गुण्या घेतला — वडिलांचा. फळीच्या कडेला लावून रेघ मारली. उलटवून त्याच खुणेवरून दुसरी मारली. गुण्या खरा असेल तर रेघ रेघेवर बसते. इथे दोन! सापडला चोर! जीव भांड्यात पडला.

फक्त एक कळत नाही. गुण्या चुकला की रेघा खुणेपाशी मिळून पुढे फाकतात. या तर शेजारी शेजारी चालल्यात. हन्ना चहा घेऊन आली, वाकून बघितलं. "मला तर एकच दिसती." बायको सुताराची, पण तिला गुण्यातलं काय कळतंय!

६ नोव्हेंबर

कानस लावली. रेघा मिळेनात. आणखी घासलं — तर आता खरंच फाकल्या! काल फाकत नव्हत्या. वडिलांचा गुण्या मीच बिघडवला की काय? जेवण गेलं नाही. हन्नाने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

१० नोव्हेंबर, रविवार

मिशनच्या देवळात पाटीवर गीताचा आकडा ८. मी ८८ उघडून मोठ्याने सुरू! हन्नाने कोपर मारलं. मागची पोरं खुसखुसली. पेटीचाच घोर, दुसरं काय. प्रभू, एवढं काम निभावून ने.

११ नोव्हेंबर

गनीभाई राहात्याहून नवा गुण्या घेऊन आला. "ह्यो तरी सरळ हाय का बघा," म्हणाला, आणि बसून राहिला.

पहिली रेघ मारली. गुण्या अजून उलटवलाच नव्हता.

फळीवर दोन रेघा.

डावा डोळा मिटला. एकच राहिली.