निरोपाच्या सूचना स्वीकारल्या जाणार नाहीत

९ सप्टेंबर २०१८, रविवार

लिहायला बसावे लागले, कारण कंपाउंडच्या ऑफिसने मला रिक्रिएशन हॉलच्या सूचनाफलकावर स्वतःची मते लिहायला बंदी केली आहे. मते असलेल्या माणसाला ती कुठेतरी ठेवावी लागतात. म्हणून ही रोजनिशी.

झाले ते एवढेच. मागच्या गल्लीतले एक कुटुंब फायनल एक्झिटवर चालले आहे. कायमचे. त्यांनी फलकासाठी कागद दिला: कपाट, मायक्रोवेव्ह, मुलाची सायकल विकणे आहे. मी तो लावला. खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ घातली: 'या कुटुंबाने घाई केली आहे, असे फलकाचे मत आहे.' बाई रडत ऑफिसात गेली. सत्य लोकांना सोसत नाही.

फलक अकरा वर्षे माझ्याकडे आहे. काचेचे दार, कुलूप, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. बायकांच्या पोहण्याच्या वेळा, ट्यूशन, हरवलेले मांजर, जेद्दाची बस. सौदीतल्या यान्बूच्या या वसाहतीला, म्हणजे कंपाउंडला, जे कळते ते माझ्यामुळे कळते. पगार नाही, पद नाही, फक्त शिस्त. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. एका कागदावर एकच विषय. उद्गारचिन्ह नाही.

निश्चय: यापुढे सामान विकण्याची किंवा निरोपाची एकही सूचना फलकावर लागणार नाही. त्याने मनोधैर्य खचते. कागद लागला नाही तर जाणारा माणूसही जरा थांबून विचार करील.

११ सप्टेंबर, मंगळवार

सरकारी हुकमाने आजपासून कपड्यांच्या आणि फर्निचरच्या दुकानांत सौदीच विक्रेते. उशांचे अभ्रे घ्यायला गेले. नेहमीचा मलबारी नव्हता. त्याच्या जागी एक तरुण मुलगा. मी अरबीत विचारले, त्याने इंग्रजीत उत्तर दिले. अभ्रे चांगले दाखवले, नीट घडी घालून दिले. हे टिकणार नाही.

संध्याकाळी मुनाफ म्हणाले, ताजू, बस जरा, बोलायचेय. कंपनीने पत्र दिलेय. डिसेंबरनंतर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, वाढवणार नाहीत. गोदामात माझ्या जागी उमैर म्हणून मुलगा येतोय, त्याला मीच शिकवायचेय.

मी म्हटले, पत्र देणे ही ऑफिसांची सवय असते. तेवीस वर्षे गोदाम सांभाळलेत, तुमच्यावाचून ते चालणार आहे का? म्हणाले, चालेल की.

नवरा स्वभावाने भित्रा आहे. हे मी निकाहनंतरच्या पहिल्या आठवड्यातच ओळखले होते.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आमची अफशाँ बारावीत आहे आणि तिला वाटते, शिक्षण पूर्ण झाले. म्हणे, मम्मी, बोर्ड कोई नहीं पढ़ता, सब ग्रुप पे आ जाता है. मी म्हटले, ग्रुपवर येते ते फलकावरूनच उचललेले असते. ती म्हणाली, ओके मम्मी. युक्तिवाद संपला की मुले ओके म्हणतात.

२० सप्टेंबर, गुरुवार

सुनीता आली होती. शेजारीण. पुण्याची, नवरा बाळकृष्ण रिफायनरीत इंजिनियर. एरवी कढीपत्त्यापुरती येते. आज तासभर बसली. आमच्या डीप फ्रीझरचे फार कौतुक. दार उघडले, लावले, परत उघडले. खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून पाहिला. आवाज करतो का विचारले. मी सांगितले, माझ्या घरात कोणतीही वस्तू आवाज करत नाही.

म्हणाली, भाभी, तुम्ही वस्तू किती जपून वापरता हो. बाकीच्यांकडे बघवत नाही.

जाताना डोळ्यांत पाणी. फलकाच्या प्रश्नात ती माझ्या बाजूने आहे, हे उघड आहे.

२४ सप्टेंबर, सोमवार

अखेर सौदीकरण माझ्यापर्यंत पोहोचले. ऑफिसने कम्युनिटी कोऑर्डिनेटर नेमली आहे. अरवा. वय पंचवीसच्या आसपास. स्वतः गाडी चालवत आली. बायकांना परवानगी मिळून जेमतेम तीन महिने झाले, पण गाडी रेषेत लावली, हे नमूद करते.

फलक आता तिच्याकडे. ज्या बाईला कोणी कधी नेमलेच नव्हते, तिला हटवायला एका देशाला धोरण आखावे लागले. मुनाफना हे सांगितले. ते म्हणाले, ताजू, धोरण तुझ्यासाठी नाही आखले गं. मत्सर.

अरवाने किल्ली मागितली. मी म्हटले, किल्ली मागून मिळत नाही, योग्यतेने मिळते. मग परीक्षा घेतली. एक सूचना किती दिवस ठेवावी? म्हणाली, एक आठवडा. चूक. तिचे काम होईपर्यंत. तिने ते फोनमध्ये टिपून घेतले. म्हणाली, खाला, घाई नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा द्या. यल्ला, निघते, पुन्हा येते.

घाबरलेली दिसली.

४ ऑक्टोबर, गुरुवार

गेल्या महिन्याभरात एकाही गुरुवारी घरी जेवलो नाही. दावतींवर दावती. ज्यांनी अकरा वर्षांत चहा विचारला नाही तेही बिर्याणी करतात. आज बाळकृष्णकडे पुरणपोळ्या होत्या. जेवण झाल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. मी फलकाची शिस्त या विषयावर बोलले. टाळ्या झाल्या. दोघीतिघी रडल्या. जनमत तयार होत आहे.

घरी येताना मुनाफ म्हणाले, ताजू, या निरोपाच्या दावती आहेत. मी विचारले, कोणाच्या निरोपाच्या? ते गप्प बसले. गाडी चालवताना त्यांना बोलता येत नाही.

भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले. अकरा वर्षांच्या सेवेबद्दल असणार. त्यावर दोघांची नावे आहेत, मुनाफचे आधी. छापणाऱ्याची चूक.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मुनाफनी उमैरला जेवायला आणले. माझा निश्चय: थंडपणे वागायचे. मासळीचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, कारण शुक्रवारी त्या होतातच. सांदणेही केली, कारण तांदूळ भिजलेला होता.

मुलगा पंचविशीतला. दारात चपला सरळ काढल्या. प्लांटमधल्या लोकांकडून हिंदी उचलली आहे. म्हणाला, खाला, ये फिश मेरी अम्मी को सिखाओ. तिसऱ्यांदा वाढले. कालवण दुसऱ्या दिवशी बिघडते.

मुनाफ त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो आमचाच. म्हणाले, हा दहा वर्षांपूर्वी आला असता, तर मला दोन ईद गावी करता आल्या असत्या. उमैर म्हणाला, बाबा, तुम्ही गेलात की मी रोज फोन करणार, उचलायचा हं. मुनाफ म्हणाले, रोज नको, माझी बायको रागावते.

थट्टा चालली होती. मी हसले नाही. अंदाज: दोन महिन्यांत मुलगा पळून जाईल. जाताना विचारत होता, पुन्हा कधी येऊ. कामापेक्षा जेवणात लक्ष.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

बाळकृष्ण मेजरिंग टेप घेऊन आला. सोफा मोजला. मग आमचा दरवाजा मोजला. मी सांगितले, जेद्दाहून आणलाय, हुबेहूब तसा आता मिळणार नाही, सुताराला फोटो दाखव. तो लाल झाला. म्हणाला, भाभी, उठू नका, तुम्ही बसा. मी बसले. त्याने मला धरून मापले.

बाहेर सुनीता त्याला विचारत होती, काय रे, बसेल का? तो म्हणाला, हळू बोल, त्यांना अजून पटलेले नाही.

काय पटलेले नाही, ते कळले नाही. आजकाल लोक अर्धवट बोलतात.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

माझ्या नियमाला बगल देण्याचा प्रकार सुरू झाला आहे. फलकाला कुलूप, म्हणून लोक बाहेरून काचेवर टेपने कागद चिकटवतात. वॉशिंग मशीन. पाळणा. 'यान्बू सोडत आहोत, सर्वांचे आभार!!!' उद्गारचिन्हे तीन.

रोज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर उलथणे घेऊन जाते आणि काच खरवडते. सकाळी नवे कागद. आज अरवा समोरच्या खुर्चीवर बसून बघत होती. मदत करू का विचारले. नको म्हटले. तिने पाण्याची बाटली आणून दिली. शत्रूचे पाणी, पण तहान लागली होती.

मुनाफ गावच्या पेंटरशी फोनवर बोलत असतात. हर्णैचे घर आतून बाहेरून रंगवायचे चालले आहे. मला विचारले, पुढच्या भिंतीला कोणता रंग? मी म्हटले, पिस्ता. घर बंद असले तरी रंग लागतो. याचा दुसरा अर्थ काढू नये.

१ नोव्हेंबर, गुरुवार

अफशाँ अभ्यासाच्या टेबलावरून पुस्तके काढत होती. विचारले तर म्हणाली, मम्मी प्लीज, मुझसे मत पूछो, अब्बा से पूछो. विचारले नाही. मला कामे आहेत.

६ नोव्हेंबर, मंगळवार

असरनंतर उलथणे घेऊन हॉलमध्ये गेले. काचेवर एकच कागद होता. अक्षर मुनाफचे.

डीप फ्रीझर, वॉशिंग मशीन, स्टडी टेबल. सोफा, जुना, चालू स्थितीत. घर क्रमांक ४१. कुटुंब जात आहे.

चालू स्थितीत.

ज्या सोफ्यावर मी कोणाला बिस्किटसुद्धा खाऊ दिले नाही, तो चालू स्थितीत.

उलथणे लावले. टेप कोपऱ्याशी सुटली, पण पुढे हात चालेना. उन्हाळाभर एसीच्या हवेत राहून हात आखडतो. कागद हलकेच काढला आणि घरी आणला.

मुनाफ लसूण सोलत होते. मी कागद समोर ठेवला आणि विचारले, हे कोणाला विचारून? म्हणाले, तू आत लावू देत नाहीस, म्हणून बाहेरून लावला. मी म्हटले, मी काढते हे माहीत होते ना? म्हणाले, माहीत होते. म्हणूनच लावला. तू मला ऐकत नाहीस ताजू, पण फलकावरचे वाचतेस.

मग लसूण ठेवला. म्हणाले, सप्टेंबरपासून सांगतोय. सुनीताने फ्रीझर केव्हाच धरून ठेवलाय. सोफा बाळकृष्णचा. तिकिटे झाली. आणि अजून किती दिवस ती काच खरवडणार आहेस? बोटे बघ तुझी.

म्हणजे सुनीता फ्रीझर बघायला आली होती.

अफशाँने पाणी आणून दिले. सगळेच हल्ली मला पाणी देतात.

शेवटी मी म्हटले, चालू स्थितीत, असे कोणी लिहिते का? कोरा कागद घेतला. 'सोफा, तीन माणसांचा, उत्तम राखलेला.' बाकी मजकूर तसाच ठेवला. शेवटची ओळही तशीच ठेवली. ती लिहिताना पेन दोनदा अडले. पेन बदलावे लागेल.

परत हॉलमध्ये गेले, कुलूप उघडले, आत लावला. चार टाचण्या.

नियम मोडलेला नाही. ही निरोपाची सूचना नव्हे. ही सोफ्याविषयीची दुरुस्ती आहे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

बातमी ग्रुपवर गेली की खालाने फलक उघडला. नमाजनंतर हॉलमध्ये रांग. प्रत्येकाच्या हातात कागद. नाही म्हणता येईना. आपला आत आणि त्यांचा बाहेर, हे न्यायाला धरून नाही. सगळे लावले. उद्गारचिन्हे खोडली. मागच्या गल्लीतली ती रडणारी बाई भेटली. विमान पुढच्या रविवारी. तिची सायकल अजून विकली गेली नव्हती. तिचा कागद मधोमध लावला. खाली काही लिहिले नाही. तिने माझा हात धरला. मी म्हटले, हात सोड, टाचणी आहे.

फलक गच्च भरला. इतका सरळ कधीच दिसला नव्हता.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

उमैरला कालवण शिकवले. मुनाफना वाटते, त्याने शिकून घेतले. मला वाटते, तिरफळे कमी पडली. एक पाकीट दिले. भारतातून आणखी पाठवीन म्हटले. तो दोन महिन्यांत पळून जाईल हा माझा अंदाज कायम आहे. उपाशीपोटी पळू नये, एवढेच.

२२ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

आज फलकाचा ताबा दिला. ऑफिसने मागितला म्हणून नव्हे. माझी वेळ झाली म्हणून.

अरवा हॉलमध्ये आधीच उभी होती. म्हणाली, खाला, ऑफिस इथे स्क्रीन लावणार आहे, पण फलक मी काढू देणार नाही. मी म्हटले, काढू देणार नाही असे म्हणायचे नसते, किल्ली पर्समध्ये ठेवायची असते. तिने लगेच ठेवली.

दिले ते असे. काचेच्या दाराची किल्ली. टाचण्यांचा डबा, अर्धा. आठवड्याला एकदा काच पुसायचे मऊ फडके. बायकांच्या पोहण्याच्या वेळा, कोणीही विचारले तरी न बदलण्याच्या सूचनेसह. फलकावर सध्या असलेले सर्व कागद, त्यांचे काम होईपर्यंत.

घेणारी अरवा. देणारी मी. साक्षीदार मिळाला नाही. सगळे आमच्या घरी सोफा उचलायला गेले होते.