पर्समधले दोन सेल

बाबा,

परवा इथला, जपानमधल्या आपल्या ग्योतोकुच्या घरातला जुना गॅस काढायचं ठरलं. ज्याच्यासमोर तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात, तोच. गॅस कंपनीचा माणूस तपासणीला आला होता. त्याने नळी वाकवून बघितली, बर्नर पेटवला, ज्योत पिवळी येतेय म्हणाला आणि अगदी अजिजीने सुचवलं की आता बदललेला बरा. आपलं स्वयंपाकघर तुम्हाला आठवत असेल, एकाला वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जायचं. ओट्यावरची जागा मी टेपने तीनदा मोजली आणि स्टेशनजवळच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. विक्रेता विचारत होता, रुंदी साठ की छप्पन्न? गॅस पाइपचा की सिलिंडरचा? भिंत कुठल्या हाताला? मोठा बर्नर भिंतीपासून लांब लागतो, म्हणून. मी उत्तरं देत होते, पण लक्ष नव्हतं. याच दुकानात, याच रांगेत तुम्ही उभे होतात, आणि मला सारखं वाटत होतं की मागे वळले तर तुम्ही दिसाल, स्वेटरवर स्वेटर चढवलेले, हातात घडी घातलेला कागद.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तुम्हाला सात आठवड्यांसाठी इकडे आणलं. तिच्यामागे तुम्ही चहासुद्धा करून घेत नाही, असं ताई फोनवर सांगायची. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात दुपारचा चहा तुम्ही स्वतःकडे घेतलात. मग तो दिवस. नातीला ताप होता, पाळणाघरात घेत नाहीत, म्हणून ती तुमच्याजवळ. मी ऑफिसातून लवकर निघाले, दार उघडलं तर घरभर धूर. गॅस एका मराठी कुटुंबाकडून जुनाच घेतलेला, त्याचा एकच बर्नर पातेलं फार तापलं की आपोआप बंद व्हायचा, आणि दूध दुसऱ्यावर होतं. पातेलं काळं ठिक्कर, तुम्ही खुर्चीत झोपलेले, आणि चार वर्षांची पोर बाल्कनीच्या काचेला नाक लावून खोकतेय. मी आधी तिला उचललं. तुम्ही दचकून उठलात. "आत्ताच तर ठेवलं होतं गं," तुम्ही म्हणालात. रात्रीच्या जेवणापर्यंत तेच म्हणत होतात.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं, की तुमचं विसरणं वाढलंय, मला भीती वाटते. ते तोंडातून निघेना. इथल्या गॅसला ठिणगीसाठी दोन जाडे सेल लागतात, टॉर्चचे असायचे तसे. सकाळी निघताना मी ते काढून पर्समध्ये टाकले आणि म्हणाले, "बाबा, गॅस बिघडलाय. चहा थर्मासमध्ये ठेवलाय." संध्याकाळी तुम्ही टीव्हीसमोर बसलात की सेल परत घालायचे आणि स्वयंपाकाला लागायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिलात.

"तुझ्या हाताने लागतो?"

"लागतो कधी कधी. हट्टी आहे."

"हं. तुझं ऐकतो," तुम्ही म्हणालात आणि परत टीव्हीकडे गेलात.

रोज सकाळी तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत ते सेल पर्समध्ये एकमेकांवर आपटायचे, आणि मला वाटायचं, सगळ्या डब्याला ऐकू जातंय. बाबा, ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्याच्याशी मी हे करत होते. मी नऊ वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाचा ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. तुम्ही माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतलात आणि सगळ्यांदेखत सुनावलंत, "यंत्राला नावं ठेवायच्या आधी सेल बघायचे, कळलं?" गिऱ्हाईक हसलं होतं. मला ते फार झोंबलं होतं. इतकं झोंबूनही त्या सात आठवड्यांत ते मला एकदाही आठवलं नाही.

पाचव्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. दुकानातला माणूस होता. तुमचे वडील इथे आलेत, त्यांच्या खिशात तुमचं कार्ड मिळालं, गॅस हवा असावा, बर्नरच्या मधल्या बटणावर बोट ठेवून ते सारखं 'सेफ, सेफ' म्हणताहेत. मी मीटिंग सोडून धावत आले. नातीच्या चित्रकलेच्या वहीतल्या कागदावर तुम्ही आपला गॅस काढला होता, लांबी-रुंदी इंचांत लिहिलेली. किती खूश दिसत होतात. "हा बघ. तिन्ही बर्नर आपोआप बंद होतात. पातेलं जास्त तापलं की बंद. माझ्याकडून घे तुला." आणि मी त्या विक्रेत्यासमोर तुमच्यावर ओरडले. "कोणी सांगितलं होतं एकट्याने बाहेर पडायला? हरवला असतात म्हणजे? काही घ्यायचं नाहीये आत्ता. पुढच्या वेळी याल तेव्हा बघू." त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने मान खाली घातली. तुम्ही कागदाची घडी घातलीत. "बरं. पुढच्या वेळी," एवढंच म्हणालात.

पुढची वेळ आली नाही. वर्षभराने तुम्ही गेलात. तुमचं कपाट आवरताना ताईने फोन केला. "अगं, बाबांच्या कपड्यांखाली जपानी सेल सापडलेत. दोन, जाडे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. कशाचे असतील?" मी म्हणाले, "काय माहीत." आणि फोन ठेवला. तुम्ही आधी सेल बघितले होते. तुम्ही ते बघणारच. रिकामी जागा बघितलीत, नवे सेल आणलेत, आणि घातले नाहीत. कधी आणलेत, दुकानातल्या त्या दिवशी की त्याच्याही आधी, ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी घरातून निघताना सेल काढते. घरात कोणी नसलं तरी. नवऱ्याने समजावून पाहिलं, मग नाद सोडला. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गॅसचं बटण दाबल्यासारखा कोरडा आवाज येतो. उठून बघते. पातेली जागच्या जागी असतात. लेक आता सोळा वर्षांची आहे. मागे तिची मैत्रीण घरी आली होती, तिने विचारलं, तुम्ही गॅसचे सेल का काढता? रात्री लेकीने मला जपानीत विचारलं, सगळ्यांकडे काढत नाहीत का? तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

काल नवा गॅस आला. तिन्ही बर्नर आपोआप बंद होणारा. बसवणारा म्हणाला, सेल वर्षभर चालतील, मध्ये काढायची गरज नाही. तो गेल्यावर मी लेकीला बसवून सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं जपानीत. तिला धूर आठवत नाही. तुम्ही आठवता; आजोबांना ती जपानीत ओजीचानच म्हणते. म्हणाली, "ओजीचान मला गार दूध द्यायचे. म्हणायचे, गॅस रुसलाय, आईला काही बोलायचं नाही हं." मग विचारलं, "तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?" रागाने नाही, नुसतंच विचारलं. आज सकाळी निघताना हात सेलच्या झाकणाकडे गेला. काढलेच मी ते, बाबा. आत्ता हे लिहितेय तर समोर टेबलावर आहेत.

हे पत्र पाठवायचं कुठे? पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते, ताईलाही कधी सांगितलेलं नाही. विमानतळावर तुम्ही आत जाताना वळून वळून हात करत होतात, आणि मी रडत होते, ते खरंच होतं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर मला त्या सात आठवड्यांत पहिल्यांदाच इतकी गाढ झोप लागली, की माझं स्टेशन कधी मागे गेलं ते कळलंच नाही.