फुली आणि हातचा

नारायण पेठ, पुणे
माघ वद्य ३, शके १७१५

चि. दिगंबर यास यज्ञेश्वराचे अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, पण मोठ्या भावाने पत्रात दुसरे काही लिहायची पद्धत नाही.

एकाच गावात राहून भावाला कागद लिहायची पाळी आली, ती तुझ्यामुळे. तू मधला ओढा, नागझरी, ओलांडलीस. मी ती ओलांडणार नाही, आणि तू माझ्या ओसरीवर पाय ठेवायचा नाहीस. म्हणून हे पत्र सोनबा गवळी आणील. त्याला दूध घालायला दोन्हीकडे जावेच लागते, तेव्हा त्याचे वेगळे उपकार नाहीत.

ऐकतो ते असे, की राममंदिराच्या ओवरीतली वडिलांची शाळा सोडून तू तोफखान्यातल्या फिरंगी गोलंदाजांच्या पोरांना मोडी शिकवतोस. तेही कुठे, तर त्यांच्या देवळाच्या पडवीत. इगर्ज म्हणतात म्हणे त्या देवळाला. आत मेणबत्त्या आणि बाहेर माझा भाऊ! पाद्र्याने कोणाला काही फुकट दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तुला पडवी दिली, तर मोबदल्यात काय घेणार, शेंडी?

श्यामला म्हणते, थंडी आहे, भाऊजींना पांघरूण धाडावे. सोनबाबरोबर धाडले आहे. त्यात माझा हात नाही.

कळावे. लोभाविषयी पुढे पाहू.
यज्ञेश्वर

नागझरीपलीकडे
माघ वद्य ५

ती. दादा यांस दिगंबराचा सा. न. वि. वि.

पांघरूण पोहोचले, वहिनींना नमस्कार सांगावा. पत्रही पोहोचले, ते पांघरुणाइतके उपयोगी नाही.

आपण ओवरीचा अभिमान सांगता. त्या शाळेला आपल्या देवळाने काय दिले ते आठवून पाहा. पावसात ओवरी गळते हे वहिवाटदार श्रीधरपंतांना आधी बाबांनी सांगितले, मग तुम्ही, मग मी. पंतांनी तिन्ही वेळा आश्चर्य व्यक्त केले. कीर्तन असले की शाळा उठली, पुराण असले की उठली, पंतांचे साडू मुक्कामाला आले की उठली. इथल्या पोरांना अक्षर दाखवणारे कोणी नव्हते, म्हणून मी आलो. धूळपाट्यांना बारीक वाळू हवी म्हणताच पाद्रीबाबांनी दुसऱ्याच दिवशी नदीची वाळू चाळून आणवली. पडवीला कूड घातला, छप्पर शाकारून दिले. देवाचे नावही काढले नाही. आदितवारी तेवढी शाळा नको म्हणाले, कारण पाढ्यांच्या गलक्यात त्यांची प्रार्थना बुडते. मी म्हटले, आमचा अनध्याय प्रतिपदेला आणि अष्टमीला. त्यांनी आमचा मानला, मी त्यांचा मानला. पोरे दोन्ही देवांवर खूश आहेत.

मोबदल्याचे विचारलेत. पाद्रीबाबा रोज मागच्या ओळीत बसून मोडी शिकतात. अक्षर भयंकर आहे.

आईचे श्राद्ध फाल्गुन शुद्ध चतुर्थीला. मी यावे की नाही ते कळवा. मला यायचे आहे.

राग धरलात तरी चालेल, लोभ सोडू नये.
दिगंबर

नारायण पेठ
फाल्गुन शुद्ध ६

चि. दिगंबर यास आशीर्वाद.

श्राद्ध झाले. तुझे पान मांडले नाही. श्यामलाने दोनदा माझ्याकडे पाहिले, मी वाढणाऱ्यांकडे पाहिले.

आता नीट वाच. तुझ्या शाळेत पाटीपाटीवर क्रूस काढतात, आणि तो तू स्वतःच्या बोटाने काढतोस, असा शोध श्रीधरपंतांनी लावला आहे. एरवी त्यांना डोक्यावर गळणारे पाणी दिसत नाही, पण हे दिसले. भाजीवाल्या मथुराबाईने पाहिले म्हणतात. दशमीला देवळात सभा आहे. तुझ्या शाळेतली एक पाटी जशीच्या तशी हजर करायची आहे. सिद्ध झाले की तू वाळीत, आणि मग आईच्या श्राद्धाला तुझे पान कधीच नाही. भाऊ म्हणून पहिले मला बोलावे लागणार. खरे काय ते लिही. माझ्या तोंडून खोटे निघणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

उत्तर येईपर्यंत लोभाचा विषय नको.
यज्ञेश्वर

नागझरीपलीकडे
फाल्गुन शुद्ध ७

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

दादा, तो क्रूस नव्हे, फुली आहे. उत्तर चुकले की पाटीवर फुली, ही बाबांची रीत. तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा तुम्ही माझ्या पाटीवर रोज काढत होतात. त्या हिशेबाने मला बाटवून तुम्हांला वीस वर्षे झाली. हे तुम्हांला आठवू नये, याचे वाईट वाटते. आणि सर्वांत जास्त फुल्या कोणाच्या पाटीवर असतात? पाद्रीबाबांच्या. ते मुकाट्याने पुसून पुन्हा लिहितात.

सोनबा हवी ती पाटी उचलील, मी निवडून देणार नाही. धुळीवरचे लिहिलेले धक्का लागला की जाते, म्हणून त्याला सावकाश चालायला सांगितले आहे. दशमीला दूध उशिरा येईल.

पानाचे वाचले. चतुर्थीला मी इथे उपाशीच राहिलो.

लोभ असेल तर खरे बोला, नसेल तरी खरेच बोला.
दिगंबर

नारायण पेठ
चैत्र शुद्ध ४, शके १७१६

चि. दिगंबर यास अनेक आशीर्वाद. या खेपेस मनापासून.

सोनबाने पाटी नैवेद्यासारखी दोन्ही हातांवर धरून आणली. तीवर तेवीस आणि अठ्ठेचाळीस, खाली एकसष्ट, आणि वर तुझी फुली. अकरा विद्वान भोवती वाकले. एक म्हणाले क्रूस असा तिरपा नसतो, दुसरे म्हणाले फिरंग्यांत तिरपाही चालतो, तिसऱ्यांनी तर आधार दिला, कशाचा ते देव जाणे. बेरीज कोणी पाहिली का, असे मी विचारले. पंत म्हणाले की विषय बेरजेचा नाही. तेव्हा माझे डोके फिरले. मी म्हणालो, उत्तर एकाहत्तर हवे, हातचा एक विसरला आहे. फुली बरोबर आहे आणि ती न काढणारा पंतोजीच वाळीत टाकायच्या लायकीचा. मग पंत बोटांवर मोजू लागले. ते मोजत असतानाच सभा उठली.

त्याचे फळ परवा मिळाले. रामनवमीच्या पत्रावळी ठेवायला ओवरी हवी, असा निरोप आला. नवमीनंतर शाळा भरेल का, विचारले. पत्रावळी वर्षभर लागतात, असे उत्तर मिळाले. वडिलांची शाळा पत्रावळींनी उठवली! चौदा मुले माझ्या अंगणात उन्हात बसतात.

तुझ्या पाद्र्याविषयी माझे मत बदललेले नाही. तरी पडवीची पूर्वेकडची बाजू मोकळी आहे का, ते त्याला विचार. माझ्याबरोबर नऊ मुले येतील, पाच घरांनी नाके मुरडली. वाळू माझी मी आणीन. पाद्री मोडी शिकणार असेल तर त्याचे अक्षर मला दाखव, तुझ्या हातून ते सुधारणार नाही. नागझरीचे म्हणशील, तर तिला सध्या थेंबभर पाणी नाही. कोरडा ओढा ओलांडला असे शास्त्रात कुठे म्हटलेले नाही. मी शोधले आहे.

नवमीला जेवायला ये, श्यामलाने आजच सांगून ठेवले आहे. एक राहिले. श्राद्धाच्या दिवशी पाने मांडताना मीही हातचा एक विसरलो. तिथे फुली तू काढ.

परवा सकाळी येतो. लोभ पूर्वी होता तेवढा शिल्लक असला तरी पुरे.
यज्ञेश्वर